गूळ द्यायचा की नुसतं पाणी

"थांबा. आधी पाणी प्या." उमरग्याच्या सडकेवरच्या अव्वा दारात आलेल्या प्रत्येक वाटसरूला एवढंच म्हणायच्या. तो पाणी पिईपर्यंत त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. पटला तर आतून गुळाचा खडा आणायच्या. गूळ हातावर पडला की तो पाहुणा, मग काही झालं तरी त्याला बाहेर काढायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. नुसतं पाणी मिळालं, तर माणसानं गुमान पुढची वाट धरायची.

विधवा बाई, तीन खोल्या, उतारूंवरच पोट. मी सोलापूरला शेंगांची गाडी हाकायचो, मुक्काम त्यांच्याकडंच. शाळा मी दुसरीतच सोडली, पण माणूस ओळखायला कुणाकडं शिकायला गेलो नाही. अव्वांपुढं मात्र माझं काही चालायचं नाही.

एकदा रेशमी फेट्याचा एक सावकार त्यांनी पाण्यावरच घालवला.

"अव्वा, एवढी मोठी असामी!"

"कुत्र्याला लाथ मारून पायरी चढला त्यो. लईच कळवळा असंल तर तुज्या गाडीत निजव."

निजामाशी लढणारी पोरं त्यांनी ठेवून घेतली होती. शिपाई विचारत आले, तर म्हणाल्या, "लेकीच्या सासरची हायत." त्यांना लेकच नव्हती. निजामाचं राज्य गेल्यावर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं.

पण तेव्हाच लोक रझाकारांच्या जुलमाचा सूड दिसेल त्या मुसलमानावर घ्यायला बाहेर पडले. मी बैल सोडत होतो. भर दुपारी बांगड्या विकणारा एक म्हातारा मुसलमान मणेर आणि त्याची बायको दारात येऊन टेकली. अव्वांनी तांब्या दिला. समोर माणसं जमली. शेजारचा दुकानदार म्हणाला, "अव्वा, पाणी दिलं, बास झालं. गूळ दिलात तर तुमच्याकडं कुणी उतरणार न्हाय. आमी उतरू देणार न्हाय."

अव्वांनी म्हातारीला विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठं न्हाय, बहन. घर हुतं तिथनंच आलो."

अव्वा आत गेल्या. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं, आता दार लावतील. त्या गूळ घेऊन आल्या. आधी म्हातारीच्या हातावर ठेवला, मग दुकानदाराकडं वळल्या. "तुला बी पायजे का रे? ये की."

तंटा निवल्यावर ती दोघं सुखरूप गेली. दुकानदारानं मात्र शब्द खरा केला. गाड्या पुढच्या नाक्यावर उतरू लागल्या. मलाही सांगून बघितलं. माझे बैल कुठं थांबवायचे ते मी ठरवतो.

मी गेलो की त्या हसायच्या. "निवड बाबा, तिन्ही खोल्या तुज्याच."

"मधली द्या."

"मधलीत ऊन येतंय बग सकाळचं. चांगली हाय." मग बराच वेळ सडकेकडं बघत बसायच्या. एखादी गाडी वेग कमी करी, तशा उठून पदर सावरायच्या. गाडी निघून जाई.

एका खेपेला गेलो तर अव्वा नव्हत्या. झोपेतच गेल्या म्हणे. मी खोल्या उघडून बघितल्या. तिन्हींत घोंगड्या नीट अंथरलेल्या होत्या, आणि उशांचे अभ्रे नुकतेच धुतलेले.