पूजेची खुर्ची

समोरच्या घरातील बाईंनी एखादी सोयीची वस्तू घेतली, की गल्लीतल्या प्रत्येकाने ती वापरून पाहावी असा त्यांचा आग्रह असतो. न्हाणीघरातील स्टूलही त्या घरोघर फिरवून आल्या. "काका, लई बरं पडतंय, बसून तर बघा की."

माझे गुडघे मांडी घालू देईनात. उभ्याने केलेल्या पूजेत मन रमेना. नित्यपूजा आता सुनेकडे सोपवावी, या विचाराने मी खिन्न होतो. हे कळताच बाई माझ्यासाठी खुर्ची घेऊन आल्या.

"देव पाटावर आणि मी त्यांच्याहून उंच, हे मला जमायचे नाही," मी म्हणालो.

बाईंनी वितीने खुर्चीची उंची मोजली आणि त्या निघून गेल्या. चार दिवसांनी सकाळीच एक उंच लाकडी मेज रिक्षातून उतरले.

"तुमाला खाली बसवत न्हाय, तर देवांनी वर यायला काय हरकत हाय?"

"काहीच नाही."

"मग ठेवा की देव. मी हात लावत न्हाय, माझी अंघोळ व्हायचीय."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी सोळाही उपचार बसून, सावकाश केले. आरतीला बाई ओल्या केसांनी दारात उभ्या होत्या. त्यांचे हात जोडलेले होते. पण दृष्टी मात्र देवांकडे नव्हे, माझ्या गुडघ्यांकडे होती.