चुलीवर टांगलेली कणसं

कुठलंही धान्य समोर आलं, की ती आधी एक दाणा दाढेखाली धरायची. कट् आवाज झाला, तर मान हलवायची. नाही झाला, तर म्हणायची, "दाताले इचारा, बाबू. डोये फसतेत."

अनसिंगजवळच्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून नवा नवा लागलो होतो. ती शेजारच्या घरातली. दोन एकर कोरडवाहू, घरात लेक-सून अन् नात, आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. सगळं गाव मावशी म्हणायचं, म्हणून मीही. तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, पण धान्यातलं विचारावं ते त्यांनाच.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायचा. भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची. गाव शिव्या द्यायचं. मावशी उकळत्या पाण्यात पीठ मळायची. "पाहुणा हाय तो. नावं नोका ठेवू. पोट भरून राह्यला ना?"

तिच्या चुलीवर मात्र धुरात गावरान ज्वारीची कणसं टांगलेली होती. एकदा नात पांढऱ्या भाकरीसाठी हटून बसली, रडरड रडली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, काढा की दोन कणसं!"

"ते खाचं नाई, ते पेराचं हाय," ती म्हणाली आणि नातीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

पुढच्या मृगाआधी वरून हायब्रीड बियाण्याची पोती आली. वाटप माझ्याकडे. मावशीनं एक दाणा चावला अन् थुंकला. "तापेल हाय हे. याले कोंब निंगत नाई. वल्ल्या फडक्यात बांधून पाय."

मी पंचविशीचा, डोक्यात वारं भरलेलं. शिक्का मारलेलं बी ही बाई चावून नापास करते म्हणजे काय! "मावशी, हे शास्त्र आहे," असं म्हणून मी वाटप उरकलं. फडकं काही ओलं केलं नाही.

पेरण्या झाल्या. आठ दिवसांनी वावरात शोधूनही कोंब सापडेना. आदल्या साली दुष्काळ आणि आता हे. लोक चावडीपुढे जमले. "काहून साहेब, तुमाले समजलं नाई का?" मावशी तिथंच उभी होती. तिनं नुसतं तोंड उघडलं असतं, तर माझी धडगत नव्हती.

ती पुढे आली. "त्या पोराले काय पुसता? बी ज्यायनं धाडलं त्यायले पुसा. चला, माह्या घरी कणसं हायेत."

तिनं आपली दोन एकरं घरच्या बियानं पेरली होती आणि ती चांगली उगवली होती. उरलेली ज्वारी आता कुठं घरच्यांच्या पोटात जायची होती. ती सगळी तिनं खाली काढली, मळली, ओंजळीनं वाटली. घरात पुन्हा मिलोच्या भाकरी सुरू झाल्या.

संध्याकाळी मी गेलो. "मावशी, चुकलो."

"चुकला तं चुकला. पुढच्या टायमाले आयकत जाय," ती म्हणाली आणि सुपातलं पाखडत राहिली.

माझी मंगरूळपीरला बदली झाली. दोनेक वर्षांनी तिच्या दारात गेलो, तर मावशी गेल्याच हिवाळ्यात वारली होती. फार वाईट वाटलं. सुनेनं पांढऱ्या ज्वारीची भाकरी वाढली. चार ओळखीचे लोक येऊन बसले, जुन्या गोष्टी निघाल्या.

"त्या साली मावशीनं गाव तारलं," एकजण म्हणाला. "बी खराब हाय हे तुमाले तरी काय ठाव होतं, साहेब!"

तिनं मला आधीच सांगितलं होतं. मरेपर्यंत हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि त्या दिवशी, तिच्याच घरात, तोंडातला घास गिळून मीही गप्प बसलो.