भिंतीवरची आई

“मॅडम, साइडला व्हा जरा. लोकांना फोटो बघायचाय,” प्रदर्शनाचा गार्ड म्हणाला.

फोटोत माझी आई होती.

कचरागाडीच्या चाकाला टेकून बसलेली. तोंड उघडं, आत पोळीचा घास, पुढचे दोन दात पडलेले. हनुवटीवर रस्सा ओघळलेला. माणसाएवढा मोठा फोटो. खाली पाटी: ‘भूक’. त्याखाली फोटोग्राफरचं नाव. आईचं कुठेच नाही.

माझी आई इंदूरचे रस्ते झाडते. दात पडल्यापासून चारचौघांत खात नाही. हसतानाही पदर तोंडावर धरते.

“ही माझी आई आहे,” मी म्हटलं.

फोटोग्राफर जवळ आला. मराठीच. हसून म्हणाला, “अरे वा! मग तर तुम्हाला गर्व पाहिजे.”

“नाव का नाही लिहिलं?”

“नाव लिहिलं की ती फक्त एक बाई होऊन जाते. नाव नाही, तभी तो आर्ट आहे. तुम्ही काय करता?”

“परदेशीपुऱ्यात स्टुडिओत फोटो काढते. पासपोर्ट साइज.”

चार लोक हसले. तोही हसला. “ते फॉर्मवर चिकटवायचे असतात, बेटा. भिंतीवर लावायचे नाही.”

माझी मान खाली गेली. सवयीनं. मी जिन्यापर्यंत आलेसुद्धा.

तिथे पाय अडले. त्याच सकाळी एक म्हातारी पेन्शनच्या फोटोसाठी आली होती. “डोळे मिटले गं, परत काढ.” मी तीनदा काढला. तिला पटेपर्यंत काढला. चेहरा तिचा होता. आणि हा माणूस मला फोटो शिकवणार?

मी परत हॉलमध्ये गेले.

“तुम्ही तिला विचारलं होतं?”

“विचारलं की चेहरा बदलतो. नॅचरल राहत नाही.”

“म्हणजे ती नाही म्हणेल, हे तुम्हाला माहीत होतं.”

त्यानं गार्डला हाक मारली. गार्डनं दंड धरून मला रस्त्यावर आणलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबले.

“मला वाटलं, कामावरच्या हाजिरीचा फोटो आहे. चांगले कपडे, गळ्यात कॅमेरा. साहेबच समजले मी. नाही कसं म्हणणार?”

मग हळूच विचारलं, “किती मोठा लावलाय?”

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. तिनं पदर तोंडावर ओढला. स्वतःच्या घरात. माझ्यासमोर.

मग म्हणाली, “उतरव तो.”

स्टुडिओच्या मालकांना त्या फोटोग्राफरचा फोन आला होता. ते म्हणतात, माफी माग, मोठा माणूस आहे. मी मागणार नाही. काम गेलं तर जाऊ दे.

उद्या आम्ही तिथे जातोय. आई, मी आणि तिच्यासोबत झाडू मारणाऱ्या अकरा बायका. तो फोटो खाली येणार. त्यानं उतरवला तर ठीक, नाही तर आम्ही उतरवू. पुढे त्याची कला राहते की नाही, ते त्यानं बघावं. माझी आई त्या भिंतीवर राहणार नाही.