वडगावकर सरांची वर चढणारी रेषा

वडगावकर सर गेल्याचा निरोप विभागाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी एम.ए.च्या वर्गावर होते. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. आता महिना उलटलाय, शोकसभेत सगळ्यांनी सरांना ऋषी करून टाकलंय, म्हणून माझंही थोडं लिहिते.

नांदेडला पीएच.डी.साठी मी सरांकडे आले ती त्यांच्या एका वाक्यावर भाळून. "आकडे सिद्धांत पाडायला असतात, सजवायला न्हाई." त्यांचा स्वतःचा सिद्धांत असा, की मंदी पुरवठ्यातून येते, पाऊस हुकला की उत्पादन घटतं, पाऊस परतला की अर्थव्यवस्था आपोआप वाढीच्या जुन्या रेषेवर येते. दुसरा पक्ष म्हणतो, लोकांनी खरेदी थांबवली की मंदी रेंगाळते आणि पुढची वाढही खाते. दोन्ही तपासायला मी औसा, लोहा, नायगाव पालथी घातली. चांगल्या पावसानंतर धान्याचे मोंढे भरले होते, कापडदुकानं मात्र पुढच्या हंगामातही ओस होती. सरांचा सिद्धांत पडला होता.

सरांनी पानं चाळली. "ही दुष्काळाची सालं काढून टाका. अपवाद हायेत."

"सर, आमच्या औशाकडं अपवाद म्हणजे चांगलं साल असतंय."

"लई शहाण्या झालात," म्हणाले... आणि प्रबंध कपाटात गेला. सही नाही. दरम्यान कायम जागेच्या मुलाखती झाल्या. पदवी हातात नाही म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. दुसरा मार्गदर्शक शोधून पदवी मिळेपर्यंत मी तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. सुट्टीत त्याचा पैसा मिळत नाही, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. मला त्यांचा राग येतो, ते गेल्यावरही येतो. स्वतःच्या त्या वाक्याला एकदा जरी जागले असते, तर...

पदवीनंतर मी इथेच कायम झाले, आता त्यांची खोली माझी आहे. भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने काढून घेतलेला वाढीचा आलेख अजून आहे, वर चढत जाणारी गुळगुळीत रेषा. परवा रंगकाम निघालं तेव्हा शिपाई गंगाधरमामांनी विचारलं, "म्याडम, हे पुसून टाकू का?"

"राहू द्या, मामा. जरा काळा रंग आणा."

त्यातून वगळलेली दुष्काळाची सगळी सालं मी स्टुलावर चढून स्वतः ठिपक्यांनी भरली. आता पोरं खोलीत आली की आधी भिंतीकडे बघतात. "म्याडम, रेषेच्या इतके खाली हे ठिपके कशाचे हायेत?"

"आपल्या सालांचे," मी सांगते. "सरांनी काढून टाकलेल्या."