न कापलेलं लुगडं

देवीवर रुसून मी कोराडीला तिच्या देवळात गेलो होतो, हे आधीच सांगतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, खोटं नाही.

मी नागपूरचा विणकर. माझा वसंता इंजिनेर झाला आणि अमेरिकेतल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. व्हिसा दोन वर्षांचा, त्या कंपनीच्या कामापुरता. मुदत संपली की परत. तो निघाला त्या दिवशी मागावर हिरवं लुगडं होतं, वीतभर विणायचं राहिलेलं. आमच्या घरची रीत अशी, की घरचा माणूस गावाला असला तर लुगडं कापून उतरवायचं नाही. तो उंबऱ्यात आला की कापायचं. ही रीत उमरेडच्या बाजाराला गेलेल्या माणसासाठी, एका-दोन दिवसांची. मी ती अमेरिकेला लावली. दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसलो, पण घरच्या मागाला हात लावला नाही. रोज सकाळी धूळ झटकायची आणि दाराकडे पाहायचं. दर पत्रात वसंताला लिहायचो, लुगडं मागावरच आहे.

दोन वर्षं भरत आली तेव्हा त्याचं पत्र आलं. कंपनीनं व्हिसा एक वर्ष वाढवून घेतला होता. मध्येच घरी आलो तर पुन्हा आत घेतील याचा भरवसा नाही, असं लिहिलं होतं. माझं डोकं फिरलं. वैशाखाच्या उन्हात अनवाणी कोराडीला निघालो. बायकोनं चपला पुढे केल्या.

"काहून जी, देवीनं सांगतलं का पाय भाजाले?"

मी ऐकतो थोडीच! देवीपुढे उभा राहून म्हटलं, माय, पोरगा दे, नाहीतर हे माझं शेवटचं दर्शन. आणि प्रसादही न घेता फिरलो.

परतीच्या रस्त्यात डोळ्यांपुढे अंधार आला. नंतर आठवतं ते तोंडावर पडणारं पाणी आणि वर वाकलेला एक गोरा चेहरा, उन्हानं नाकाची साल निघालेला. वीजघराची यंत्रं बसवायला परदेशातून आलेला इंजिनेर होता तो. आपला रुमाल भिजवून त्यानं माझ्या धुळीनं भरलेल्या पायांना गुंडाळला आणि जीपमध्ये घालून घरी आणलं. ड्रायव्हर मारोती इकडचाच, तो आम्हाला एकमेकांचं बोलणं सांगत होता.

बायकोनं त्यांना पन्हं दिलं. गोऱ्यानं मागाकडे बोट करून विचारलं, हे अर्धवट का? मारोतीनं तिच्याकडून ऐकून त्याला सांगितलं. त्यानं पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच काहीतरी म्हणाला.

"बाबाजी," मारोती म्हणाला, "सायबाचाबी इथं राहाचा कागद वर्षाचाच हाय. त्याची माय रोज त्याचं ताट वाढून ठेवते, कोणाले हात लावू देत नाही. बहिणीनं तसं लिवलं. तवापासून म्हणे याच्या घशाखाली घास उतरत नाही."

"माय हाय ते, वाढनच," मी म्हणालो.

"अन् तुमी?" बायको म्हणाली. "पोराले दर पत्रात तेच लिवून राहिले ना जी?"

मी पायाला गुंडाळलेल्या रुमालाकडे पाहिलं. माझा वसंता तिकडे रस्त्यात पडला तर पाणी कोण देईल, हे मी दोन वर्षांत एकदाही देवीला विचारलं नव्हतं. नुसतं परत दे, परत दे. मी पोरगा मागितला होता. पोरगा आला होता. कोणाचा का होईना.

पाय बरे झाल्यावर ती वीत विणली आणि लुगडं कापलं. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तेवढी मागावर ठेवली, नवा ताणा त्यांनाच बांधायचा असतो. मग चपला घालून, बायकोला घेऊन कोराडीला गेलो आणि ते लुगडं देवीला नेसवलं. या वेळी काही मागितलं नाही. वसंताला लिहिलं, लुगडं देवीमायला दिलं, तू काम पुरं कर, उन्हात पाणी पीत जा.

आता माग चालतो. कधी उंबऱ्यात कोणी आल्यासारखं वाटतं आणि हातातला धोटा थांबतो. मग म्हणतो, माय, तू पाहून राहिली ना त्याच्याकडे? आणि पुढचा धागा टाकतो.