मशीनचं झबलं

कुणाच्या घरी नवी वस्तू आली, की खोक्याच्या मागोमाग कव्हरवाली हजर. गळ्यात टेप, पर्समध्ये खडू. घरातली माणसं अजून थर्माकोल सोडवताहेत, माहितीचं पुस्तक शोधताहेत, तोवर हिने टीव्हीच्या पाठीपासून मिक्सरच्या झाकणापर्यंत सगळ्याचं माप घेऊन ठेवलेलं असायचं. चार दिवसांत कव्हर तयार. पैशांचं विचारलं तर रागवायची. "भेट आहे. भेटीचा भाव विचारतात का कुणी?" मग समोरचा काय बोलणार? मुकाट्याने घ्यायचा.

तीस वर्षं तिने शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. फक्त कॉलर. अख्खा शर्ट म्हणून कधी हाताखाली आला नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि निवृत्तीनंतर घरात ती आणि शिलाई मशीन एवढी दोघंच उरली. तेव्हापासून तिने स्वतःच्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या यच्चयावत वस्तूंना कपडे चढवले. फ्रिजच्या डोक्यावर झालर, रिमोटला खिसा, वॉशिंग मशीनला नाडीचा झगा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिची खूण, लाल धाग्याचं एक पान. धूळ म्हणजे तिची जन्माची वैरीण. धुळीने वस्तू मरते, असं तिचं ठाम मत होतं, आणि तिच्या मतापुढे कुणाचं काही चालत नसे.

एका गोष्टीचा मात्र तिला फार अभिमान. कुणाच्याही घरी जावं, तर तिचं कव्हर आपलं करकरीत, कालच शिवल्यासारखं. दोन-दोन वर्षं झाली तरी रंग उडालेला नाही, एक डाग नाही. "शिलाई पक्की असली की असंच असतं," ती म्हणायची. लोक हसून मान हलवायचे.

तिची थोरली बहीण, ताई, बसने अर्ध्या तासावर राहायची. आई गेली तेव्हा कव्हरवाली नऊ वर्षांची होती. तिला वाढवलं ते ताईने, सुईत दोरा ओवायला शिकवलं तेही ताईनेच. धाकटीने तेव्हा पहिली पिशवी शिवली. एक बंद लांब, एक आखूड, तळ तिरका. ती पिशवी ताई वर्षभर कामावर घेऊन गेली. लोक हसायचे, पण ताईने घरी येऊन कधी एका शब्दाने सांगितलं नाही. ताई होतीच तशी.

दोन वर्षांपूर्वी ताईची फुप्फुसं कामातून गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवरचं, सतत घरघरणारं. खोलीतली हवा ओढून घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन गाळायचं आणि नळीतून ताईच्या नाकात सोडायचं. ताईचा मुलगा आणि सून दिवसभर कामावर, रविवारीसुद्धा, म्हणून सांभाळायला एक बाई यायची. धाकटीने अर्थातच पहिल्याच महिन्यात मशीनला कव्हर शिवलं, पातळ सुती. ताईला केवढा आनंद झाला. "अगदी बाळाचं झबलं दिसतंय," म्हणाली, आणि तेव्हापासून त्याला झबलंच नाव पडलं.

दर रविवारी धाकटी आधी फोन करायची, मग जायची आणि तीन-चार तास बसायची.

"तू आलीस ना धाकटे, की मला दम लागतो," ताई म्हणायची. "बोलून बोलून."

"मग कमी बोल."

"मग तू येतेस कशाला?"

असं त्यांचं चालायचं. निघायच्या वेळी ताईचा चेहरा उतरलेला असायचा, आवाज खोल गेलेला. सोमवारी फोन केला की पुन्हा खणखणीत. आपण निघालो की ताईला वाईट वाटतं, दुसरं काय, असं धाकटीने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यात तिला थोडं सुखही वाटायचं.

एका रविवारी तिने ताईकडे नवं कव्हर नेलं. मखमली, निळं, आतून फोमचं अस्तर. चारही बाजूंनी बंद, खाली नाडी, नळीपुरतं एक भोक. महिनाभर खपून शिवलेलं. स्वतःच्या हाताने घातलं, नाडी आवळली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. आता धुळीची काय बिशाद. त्या दिवशी ती तासभरच थांबली. ताई बोलता बोलता मध्येच पेंगायला लागली, आणि तिची नखं निळसर दिसत होती. "थंडी वाजतेय तुला," म्हणत धाकटीने तिच्या पायांवर शाल घातली आणि निघाली.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी टीव्हीवाला तिच्या दारात आला. टीव्हीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला. टीव्हीपासून इस्त्रीपर्यंत सगळं उघडून बसायचा. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मावशी, हे तुमचंच ना?"

कागद उघडला तर आत जळकं कापड. अर्धं वितळून काळं झालेलं, पण कोपऱ्यात लाल पान शाबूत. शेजारच्या इमारतीतल्या मास्तरीणबाईंच्या घरी इंटरनेटच्या डब्यावर घातलेलं कव्हर होतं ते.

"डबा गेला. भिंत काळी झाली. बाई घरातच होत्या म्हणून निभावलं," तो म्हणाला. "तुम्हाला बोल लावायला आलो नाही मी. पण सांगायला हवं ना कुणीतरी. ही यंत्रं गरम होतात, मावशी. त्यांना बाजूने, मागून भोकं असतात ती उगीच नसतात. आतली गरम हवा जायची कुठून? ज्या वस्तू सतत चालू असतात, त्यांच्यावर कापड नको. मिक्सरला घाला हवं तेवढं."

कव्हरवालीला आधी राग आला. मग लाज वाटली. मास्तरीणबाईंना तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत ती मान हलवत राहिली. टीव्हीवाला जिना उतरून गेला, ती दार लावायला वळली, आणि 'सतत चालू' हे दोन शब्द तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरले.

मिक्सर सतत चालू नसतो. टीव्ही नसतो. वॉशिंग मशीन नसतं.

चारही बाजूंनी बंद. आतून फोम. शिवाय खाली नाडी, तीही गाठ मारून.

तिने फोन उचलला. तिकडे ताईनेच घेतला. आवाज खणखणीत होता. तो ऐकून धाकटीच्या जिवात जीव आला, आणि तिथेच ती चुकली. सांगायचं एवढंच होतं, 'ताई, ते कव्हर आधी काढ.' पण जिभेवर शब्द येईना. महिनाभर खपून शिवलेलं. ताई काय म्हणेल, सून काय म्हणेल, आणि मास्तरीणबाईंची भिंत, सगळंच सांगावं लागेल. चार दिवस कव्हर मशीनवर आहे आणि ताई ठणठणीत बोलतेय, मग आणखी अर्ध्या तासाने काय बिघडणार? आपणच जावं, धुवायला नेते म्हणून गुपचूप काढून आणावं. असा सगळा हिशोब तिने दोन श्वासांत केला.

"ताई, मी येतेय," ती म्हणाली.

"आज? आज तर गुरुवार."

"आलीच मी. सहज."

"ये की. अगं ये," ताई म्हणाली. तिला झालेला आनंद फोनमधूनही कळत होता.

बस मिळाली, पण पुलाच्या अलीकडे अडकली. पुढे कुठला तरी ट्रक आडवा झाला होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. धाकटीच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये ते जळकं कापड. तिने ते का बरोबर घेतलं, तिलाच ठाऊक नव्हतं. बसमध्ये उकडत होतं, खिडकी जाम झाली होती, आणि शेजारची बाई पदराने वारा घेत म्हणाली, "हवाच नाही हो आत."

तिने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सांभाळणाऱ्या बाईला लावला. तोही वाजत राहिला. आता तिचं धाबं दणाणलं. लाजबीज सगळी पळाली. आता कुणी फोन उचलला असता तर भर बसमध्ये ओरडून सांगितलं असतं तिने, पण उचलतंय कोण? पाचव्या फोननंतर ती उठली, ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि चालत सुटली. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखरे, चप्पल सारखी निसटतेय. चालता चालता एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती, ताईची निळसर नखं. थंडी कसली? पंखा लावायची वेळ होती ती. पंखा लावायच्या दिवसांत आपण तिच्या पायांवर शाल घातली.

इमारतीच्या जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. पीं, न थांबता, एकसुरी. कठडा धरून ती दोन मजले चढली. दार नुसतं लोटलेलं होतं.

ताई खुर्चीत पुढे वाकून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, तोंड उघडं, खांदे वर-खाली होताहेत पण आत काही जात नाहीये. डोळे फक्त दाराकडे. फोन पलीकडच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला, तिच्या हातापासून चार पावलं लांब. बाजूला मशीन, निळ्या मखमलीत, नाडी आवळलेली. त्याची घरघर बंद होती. कापडातून लाल दिवा तेवढा दिसत होता.

धाकटीने नाडी ओढली. गाठ तिचीच, सुटेना. कापड दोन्ही हातांनी धरून फाडायला गेली. शिलाई तिचीच, पक्की, एक टाका उसवेना. नखं मोडली. पर्समधली धागे कापायची कातर सापडेपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे; पीं चालूच होतं, आणि ताईच्या घशातून आता बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तिने वरपासून खालपर्यंत कव्हर कापलं. आतून भट्टीचं तोंड उघडावं तशी गरम वाफ तिच्या तोंडावर आली.

मागून सांभाळणारी बाई धावत आली. हातातला बिस्किटांचा पुडा तिने खाली टाकला, कोपऱ्यातला छोटा सिलिंडर ओढला, वीज गेली की लागायचा तो, चावी फिरवली आणि नळी बदलली. दोघी ताईच्या दोन्ही बाजूंना बसून राहिल्या. बोटाला लावलेल्या डबीवरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढायला लागला. ओठांचा रंग परत येईपर्यंत धाकटी श्वास घ्यायला विसरली होती.

मग ती बाईवर घसरली. "तुला कळत नाही का? असं माणसाला टाकून जातात?"

"दुकानात गेले होते मावशी, तुमच्यासाठीच बिस्किटं आणायला. आजींनीच पाठवलं. गर्दी होती," बाई रडवेली झाली. "आणि रोज काही नाही होत हो. रोज कुठे असतं ते अंगावर."

"काय नसतं?"

"झबलं. ते कपाटात असतं. तुमचा फोन आला की आजी म्हणतात, घाल गं, धाकटी येतेय. तुम्ही गेलात की लगेच काढायला लावतात, गरम होतं म्हणून. आज तुम्ही अचानक निघालात, म्हणून फोन ठेवल्याबरोबर..."

ताईने डोळ्यांनी बाईला गप्प केलं. पण उशीर झाला होता.

धाकटी जमिनीवरच बसली. "कधीपासून?" तिने विचारलं. ताईऐवजी बाईच हळूच म्हणाली, "मी आल्यापासून तरी असंच आहे. जुन्याचंही असंच."

दोन वर्षं. दर रविवारी तीन-चार तास. तू आलीस की मला दम लागतो. धाकटी ते वाक्य आठवत राहिली.

"का गं ताई?" ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

नळीतून दोन-तीन श्वास घेऊन ताई म्हणाली, "तुला किती बरं वाटायचं बघून." मग फरशीवरच्या निळ्या चिंध्यांकडे बघत म्हणाली, "चांगलं होतं गं. उगीच कापलंस."

त्यानंतरचा आठवडा कव्हरवाली घरोघर फिरून आपली कव्हरं परत मागत होती. लोक "थांबा हां" म्हणत आत जायचे, कपाट उघडायचे, आणि घडी घातलेलं, करकरीत, नवंकोरं कव्हर आणून द्यायचे. एका घरी तर त्याला कपाटातल्या कापराचा वास होता. तिने कुणाला काही विचारलं नाही.

ताईकडे ती अजून दर रविवारी जाते, पण फोन न करता. बेल वाजवायच्या आधी दाराला कान लावते आणि घरघर ऐकू आली की मगच बटण दाबते. मशीन आता उघडं असतं, त्याच्यावर धूळ बसते, आणि धाकटी ती ओल्या फडक्याने पुसते. बोलणं पूर्वीसारखंच चालतं. फक्त ताईने चहा छान झालाय म्हटलं, पाय दुखत नाहीत म्हटलं, झोप लागली म्हटलं, की धाकटीच्या छातीत धस्स होतं.

"बरी आहे गं मी," ताई म्हणते.

"हो ना," म्हणत धाकटी तिचा हात हातात घेते, आणि बोलता बोलता तिची नखं बघते.