माझं वाळूचं नरसाळं आणि समुद्रातले तीन दिवस

सरूनं डब्यात सात भाकऱ्या बांधल्या, वर ठेच्याची पुरचुंडी ठेवली आणि विचारलं, "समुद्रात प्यायचं पाणी मिळतं का हो?"

"मिळत असंल. माणसं राहत्यात तिथं."

"आणि खाली बघू नका. तुम्हाला गच्चीवरून चक्कर येते."

हे ती दारात उभं राहून, शेजारीण ऐकत असताना बोलली. मी चपला घालून निघालो. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला कुठं काय बोलावं हे शिकवता आलं नाही, आता कुठं शिकवणार.

नाशिकचा माणूस समुद्रात कशाला गेला, ते आधी सांगतो. सातपूरच्या वसाहतीत माझं पत्र्याचं शेड आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. पण लोखंडाला लोखंड जोडण्यात माझा हात धरणारा सातपुरात नव्हता आणि अजूनही नाही. तर मुंबईच्या पुढं समुद्राच्या तळाखाली तेल लागलं, हे सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल. ते तेल एकटं वर येत नाही. संगं पाणी येतं, वायू येतो आणि पिठासारखी बारीक वाळू येते. ही वाळू पाइपाला आतून घासत राहते. पॉलिश पेपर कसा लाकडाला घासतो, तशी. काही दिवसांत बोटभर जाड लोखंडाला भोक. म्हणून तेल वर आल्या आल्या त्यातली वाळू काढावी लागते.

त्यासाठी आमच्याकडच्या एका कंपनीनं एक भलं मोठं नरसाळं करायला घेतलं. माणसाच्या उंचीचं, वर रुंद, खाली निमुळतं, सगळीकडून बंद. वरच्या अंगानं तेल जोरात आत शिरायचं, वाळू खालच्या पिंपात पडायची आणि चांगलं तेल माथ्यावरून निघून जायचं. कंपनीनं कागद दिला, मी माझ्या शेडात नरसाळं केलं. ते समुद्रावर नेऊन बसवलं आणि आठ दिवसांत निरोप आला: वाळू पडत नाही. पिंप रिकामं. वर असंही लिहिलं की वेल्डिंग आतून उंचसखल झालं असावं.

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी कंपनीत जाऊन म्हणालो, "मी येतो समुद्रात. माझ्या वेल्डिंगवर बोट ठेवून दाखवा."

बरोबर मिलिंद आला. कंपनीचा तपासणारा इंजिनियर, वय चोवीस. बाप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. घरात इंजिनियर झालेला हाच पहिला. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. नरसाळं कारखान्यातून निघालं तेव्हा ‘तपासलं, बरोबर आहे’ अशी त्याची सही होती. आता समुद्रावरचे साहेब जो अहवाल लिहितील, त्यावर त्याची नोकरी पक्की होणार का तो घरी बसणार, हे ठरणार होतं.

एसटी घोटीला थांबली तेव्हा चहा पिता पिता तो हळूच म्हणाला, "काका, तो आत शिरणारा पाइप... कागदावर कडेला होता. भिंतीला घासून शिरणारा. आपण तो सरळ पोटाच्या मध्यावर रोखून बसवला."

"आपण नाय, मी बसवला. अरे, गोल वस्तूला तोंड मधोमध असतं. घागरीला कडेला तोंड पाहिलंस कधी? कागद काढणाऱ्याचा हात हलला असंल."

"मी तेव्हाही म्हणालो होतो."

"तेव्हा तू काल जन्मलेला होतास. आता परवा जन्मलेला हायेस. चहा पी."

तो चहा प्यायला. कसारा घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत हेलिकॉप्टरच्या तळावर आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं. कांद्याची गोणी करतात तसं. मी, माझी पिशवी, भाकऱ्यांचा डबा आणि साहेबांसाठी घेतलेला नाशिकचा चिवडा, सगळ्याचं मिळून वजन कागदावर लिहिलं. मग तिथल्या शिपायानं खिसे तपासले. बिडी आणि काडेपेटी काढून घेतली.

"तिथं आग चालत नाही, बाबा. तेल आहे."

टोपीच्या घडीत दुसरी काडेपेटी होती, ती त्यानं मी न सांगता काढली. त्याला अनुभव असावा.

पिवळं जाकीट घातलं, कानावर झाकणं बसवली. टोपीवरून झाकणं नीट बसेनात, तो म्हणाला टोपी काढा, मी म्हणालो कान गेले तरी चालतील. शेवटी टोपीवरूनच बसवली. मशीन उठलं तसे मी डोळे मिटले. मिलिंदनं हातानं खूण करून विचारलं, बरं वाटत नाही का? मी खुणेनं सांगितलं, झोप येतेय.

डोळे उघडले तेव्हा चारी बाजूंनी निळं पाणी आणि मधे एक माळा (पाखरं राखायला शेतात उभारतात ते मचाण) उभा होता. फक्त लोखंडाचा, आणि एका माळ्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. एका लांब हातासारख्या पाइपाच्या टोकाला भर दिवसा जाळ पेटलेला. माझी बिडी चालत नाही आणि यांची ही होळी चालते, असं मनात आलं.

उतरलो तर पायाखाली जमीन नाही, जाळी! लोखंडी जाळीतून खाली थेट समुद्र दिसतो. सरूचे शब्द आठवले. पण खाली न बघता चाललं तर माणूस जिन्यावरून पडतो, आणि बघून चाललं तर जागेवरच बसतो. मी मधला मार्ग काढला. मिलिंदच्या पाठीवरची शिवण बघत चाललो.

तिथले मोठे साहेब पंजाबचे, उंच, गडगडाटी आवाजाचे. त्यांनी चिवडा घेतला आणि आम्हाला सरळ नरसाळ्याकडे नेलं. ते तेलाच्या वाटेतून बाजूला काढून, धुऊन, वरचं झाकण उघडून ठेवलं होतं. साहेबांनी आत हात घालून वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"मिस्त्रीजी, वेल्डिंग तो मक्खन है."

मी मिलिंदकडे पाहिलं. आणखी कुणी ऐकलं का, तेही पाहिलं.

मग साहेबांचा हात आत शिरणाऱ्या पाइपावर थांबला. "और ये? ये बीच में किसने पास किया?"

मिलिंद म्हणाला, "साइन मेरा है, सर."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साब," मी म्हणालो, "गोल चीज का मुँह बीच में ही होता है. वाळूच खराब होगी."

साहेब हसले. मला म्हणाले, तुम्ही कारागीर, तुम्हाला जे पास झालं ते तुम्ही केलं. मग मिलिंदकडे वळून हसू पुसून टाकलं. "देखना तुम्हारा काम था. कल सुबह रिपोर्ट लिखूँगा."

जेवायच्या खोलीत नवल वाटलं. शंभर माणसं, देशभरची, आणि वाढणारा आपल्या सटाण्याचा! पोट सुटलेला, पन्नाशीचा. सगळे त्याला बापू म्हणत. मी नाशिकचा म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला. "मी सटाणाना शे (मी सटाण्याचा आहे), बाबा! बसा, बसा." त्यानं मला मासे वाढले, मी माळकरी आहे म्हटल्यावर डाळ-भात वाढला आणि माझ्या भाकऱ्यांतली एक मागून घेतली. दोन महिने भाकरी पाहिली नव्हती म्हणे. ठेच्याचं बोट चाटून त्याचे डोळे भरले. तिखटानं की गावानं, ते मी विचारलं नाही. मिलिंद मात्र ताटातल्या भाताला बोटानं रस्ते पाडत बसला होता.

सकाळी बिडीवाचून चैन पडेना, म्हणून चहासाठी बापूच्या मुदपाकात गेलो. तो मोठ्या पातेल्यात तांदूळ रोळत होता (रोळणं म्हणजे पाण्यात गोल फिरवून धान्यातले खडे खाली बसवणं). जहाजातून आलेला तांदूळ, त्यात माती बरीच. मी म्हटलं बसलोच आहे तर हातभार लावू, आणि पाण्याची रबरी नळी धरून पातेल्यात सोडली.

"अरे बाबा, मधे नका धरू!" बापू ओरडला. "कडेनी धरा, कडेनी! मधे धरी ते सगळा खडा वर येतस."

मी नळी पातेल्याच्या कडेला टेकवली. पाणी भिंतीला धरून गरगर फिरायला लागलं. तांदूळ फिरले, पाणी फिरलं, आणि जड माती निमूटपणे तळाशी जाऊन बसली.

मी नळी पुन्हा मधे धरली. सगळं ढवळून वर आलं.

पुन्हा कडेला. पुन्हा खाली.

"बाबा, शंभर लोकेसना भात शे," बापू म्हणाला. "खेळ नही शे."

मी चौथ्यांदाही करून बघितलं. कुठंतरी पातेलं चुकलं असेल, असं वाटत होतं. पातेलं चुकलं नव्हतं. घरी सरू चाळीस वर्षं मोरीत बसून हेच करत आली आणि मी तिला विचारत आलो, अजून भात झाला नाही का?

नाश्त्याला साहेब कागद घेऊन आमच्याच टेबलावर बसले. मिलिंद समोर, चहावर साय धरलेली. मी दोन भाकऱ्या खाईपर्यंत गप्प राहिलो. पहिली खाताना वाटलं, साहेबांनी स्वतःच मला सोडलंय, आपण कशाला बोला. दुसरी खाताना पोरगं कालपासून जेवलं नाही हे दिसत होतं. तिसरी मी खाली ठेवली.

"साब," मी म्हणालो, "पाइप मैंने बीच में लगाया. कागज में बाजू में था. इसने बोला था. मैंने इसको चुप बिठाया."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लिखके दोगे?"

इथं माझा घाम निघाला. लोखंड कापणं सोपं, चौथी शिकलेल्याला लिहिणं अवघड. पण मागं कसं हटायचं? कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. अर्धा तास लागला. साहेबांना मराठी वाचता येईना, म्हणून त्यांनी बापूला हाक मारली. बापूला हळू बोलता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं हात पुसले, कागद लांब धरला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं:

"पाइप मी मधोमध बसवला. कागदावर कडेला होता. मिलिंदने तीनदा सांगितले. मी म्हणालो तू काल जन्मला. त्याने सही केली कारण मी वयाने मोठा आहे व फार ओरडतो. चूक माझी आहे. वेल्डिंग चांगले आहे."

शेवटच्या वाक्याला आधी मराठी माणसं हसली. मग बापूनं हिंदीत सांगितलं, तशी उरलेली हसली. पंजाबचे साहेब तर टेबल बडवत होते. मी उठून उभा राहिलो. "हसा. पण ते वाक्य खोटं हाय का, सांगा."

"नहीं मिस्त्रीजी," साहेब डोळे पुसत म्हणाले, "वो लाइन रिपोर्ट में भी जाएगी." मग मिलिंदला म्हणाले, "और तुम. अगली बार बुज़ुर्ग कितना भी चिल्लाए, साइन मत करना."

"यस सर," मिलिंद म्हणाला आणि गार झालेला चहा एका दमात प्यायला. मग बापूकडे उपमा मागितला. मग परत मागितला.

वेल्डिंग करायची तिथं सोय नव्हती. एक ठिणगी उडाली तर सगळे देवाघरी. मी म्हणालो, करवत, कानस आणि शेगडा द्या (शेगडा म्हणजे लोखंड पकडून ठेवायचा चिमटा, टेबलाला बसवलेला). दुपारपर्यंत एक जाड पट्टी हातानं कापली, थंडच वाकवली आणि आत शिरणाऱ्या पाइपाच्या तोंडात नटबोल्टानं अशी आवळली, की तेल सरळ पोटावर न आदळता कडेच्या भिंतीकडे वळावं. मिलिंदनं कागद समोर धरला आणि मला मापं सांगितली. या वेळी मी विचारत होतो.

नरसाळं जागेवर चढवलं, तेल सोडलं. संध्याकाळच्या आत खालच्या पिंपाची वाट बंद करून ते उघडलं. काळी, ओली, तेलकट वाळू. अर्धं घमेलं! मी हात घातला. समुद्राच्या तळाखालची वाळू, कुणी हात न लावलेली, आपल्या गोदावरीच्या वाळूपेक्षा कितीतरी मऊ. साहेब म्हणाले, नवीन येईपर्यंत हे चालेल. चिवड्याच्या रिकाम्या पुडीत मी मूठभर वाळू बांधून घेतली.

परतताना हेलिकॉप्टरमधून मी खाली बघितलं. मन घट्ट करून एकदाच. तळावर त्यांनी दोन्ही काडेपेट्या परत दिल्या.

घरी सरूनं पहिला प्रश्न तोच केला, "पाणी मिळालं का?" मी पुडी सोडून वाळू दाखवली आणि तांदळाची गोष्ट सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं. "चाळीस वर्षं ताटाशी बसून वाट बघताय," ती म्हणाली, "एकदा मोरीशी येऊन बसला असता, तर समुद्रात जायची पाळी आली नसती."

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मला तसा मोठा अनुभव नाही. एवढंच कळलं की काही वस्तू बघायला लांबून फेरा मारून यावं लागतं, आणि त्या आपल्याच मोरीत असतात.

दुसरं नरसाळं महिन्याभरात तयार झालं. पाइप कडेला, भिंतीला घासून. शेजारच्या शेडातला गणपत येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मिस्तरी, तोंड एका बाजूला गेलंय. नजर गेली की काय म्हातारपणी?"

"कागदावर तसं हाय," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला निघाला होता.

मग मिलिंद आला. नोकरी पक्की झाल्याचे पेढे आधी सरूला दिले, मला नंतर. मग कागद उघडून बसला. मागच्या वेळी सही करायला त्याला दोन मिनिटं लागली होती. या वेळी त्यानं पट्टी लावली, पाइप मोजला, उलट बाजूनं पुन्हा मोजला, आत वाकून बोट फिरवलं, कागद बघितला आणि पुन्हा मोजला. पाऊण तास. मी एकदाही ओरडलो नाही.

दोनदा खोकलो, एवढंच. त्यानं वर बघितलं नाही. बरोबर केलं.